पियानोच्या जाहिरातीने फोडलेली खबर

मोखाड्यातली ती केस मी अजून विसरलेले नाही. चोरी नाही, मारामारी नाही, तरी सांगायला बसले की माझी मान ताठ होते.

एका पाड्यावरची आशाताई, म्हणजे घरोघर फिरून बायांच्या आरोग्याची नोंद ठेवणारी सेविका, पोलीस ठाण्यात आली, डोळे सुजलेले. "मॅडम, मी कुणाचा नाव कुठं दिला नाय. तरी मला कोणी घरात घेत नाय. एक बाई दिवसांतली हाय, तिची तपासणी पण राहिली."

मी अर्ज घेतला आणि तिनं आपल्या सुनेचं नाव दवाखान्याला दिलं असं पाड्यावर सांगत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं. सुनेला मूल नव्हतं, घरात भगताचे उपाय चाललेले. अशात त्याच्या फोनवर मूल होण्याच्या दवाखान्यांच्या जाहिराती यायला लागल्या.

"बाबा, आशाताईनं नाव दिलं हे बघितलं कोणी?"

"बघायला कशाला पायजे? घरोघर बायांची नावं तीच लिहिते. दवाखान्याला माझा फोन कसा गावला मंग?"

सुनेचा जबाब मी वेगळा घेतला. ती हळूच म्हणाली, "घरच्या वायफायवर मीच दवाखाना शोधला होता, मॅडम."

आता बघा, खबर कुठून फुटते हे कळायचं तर खोटी खबर सोडायची, ही आमची जुनी रीत. सुनेला म्हटलं, वायफायवर पियानो शोधत राहा. नंतर मोबाइलच्या नेटवर केसांचे टोप शोध.

थोड्याच दिवसांत म्हातारा ठाण्यात हजर. "मॅडम, ही एवढी मोठी पेटी कोण घ्यायला सांगतंय मला?" टोप मात्र एकही आला नाही, म्हणजे खबर वायफायमधूनच फुटत होती. आमची महिला शिपाई तोंडावर हात धरून हसत होती.

मग पाड्याला वायफाय पुरवणाऱ्या जव्हारच्या माणसाला समोर बसवलं. आधी उडवाउडवी, शेवटी कबूल. कोण काय बघतं ती माहिती तो जाहिरातवाल्यांना विकत होता.

"पण मॅडम, नाव कुणाचंच जात नाही. फक्त कनेक्शन कळतं."

"अरे, घरात सून एकच आहे. नाव कशाला लागतं?"

मी वरिष्ठांना अहवाल पाठवला, माहिती देणं बंद करायला लावलं, आणि त्याला पाड्यावर नेऊन सगळ्यांसमोर हे बोलायला लावलं. मी सुनेचं नाव घेतलं नाही. तीच उभी राहिली. "दवाखाना मी शोधला होता. ताईचा काय दोष नाय."

म्हातारा खाली बघत राहिला. सासूच पुढं झाली, आशाताईचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "ताय, दवाखान्यात आमच्या पोराला पण न्यावा लागंल ना?"

नोकरीभर मी खबऱ्या म्हणजे माणूसच असणार असं धरून चालले. या केसनं शिकवलं, की आधी माणसावर बोट ठेवायचं नाही. ते शिकले, म्हणून एका बाईला तिच्यासाठी बंद झालेली घरं परत उघडली.