कालवांची भिंत

सिऊखिमचा दिवस ओहोटीवर सुरू व्हायचा. त्या दिवशी ओहोटी पहाटेच लागली. किनाऱ्यावर पेरलेल्या सुरुंगांतून बायांसाठी सोडलेल्या एकुलत्या एक वाटेने ती चिखलात उतरली, तर तिच्या कालवांच्या दगडांत सैनिक उभे.

समोरच्या किनाऱ्यावरून हल्ला होणार, या धास्तीने किनमेन बेटावर बंकर बांधणं चाललं होतं. लाकडासाठी घरांची दारं काढून झाली होती. आता मेजर फानना दगड हवे होते. मेजर डोंगरातले, समुद्र त्यांनी नोकरीतच पहिल्यांदा पाहिला.

तिच्या सासऱ्यांनी रोवलेल्या त्या दगडांवर तीन वर्षांची कालवं शिंपल्यांसकट चिकटली होती. ती थंडीत विकायची आणि त्या पैशांवर वर्षभर खायचं. नवरा समुद्रात बुडाल्यापासून दुसरं काहीच नव्हतं.

"साहेब, दोन ओहोट्या थांबा," ती म्हणाली. "कालवं खरवडते, मग न्या दगड."

गावप्रमुख ह्वांगने ते मेजरांच्या भाषेत सांगितलं.

"आणि शत्रू आजच आला तर?" मेजर म्हणाले. "शिवाय खडबडीत दगडाला सिमेंट घट्ट धरतं."

"अहो, जिवंत आहेत ती."

मेजर हसले. "मग पहाऱ्याला उपयोगी पडतील."

दगड वाहायला गावातल्याच बाया मजुरीवर लावल्या. चिखलात रुतलेला दगड ओढून निघत नाही. आधी डोलवायचा, चिखल सुटला की एका दमात उचलायचा. दम मध्येच सोडला तर कंबर गेली. शिंपल्यांच्या धारेने दोर कापले जात, तळवेही.

"आपलंच घर लुटायचं आणि वर रोजंदारी घ्यायची," सिऊखिम म्हणाली.

"घे वहिनी," कावडीचं दुसरं टोक धरलेली शेजारीण बीहोआ म्हणाली. "दारं नेली तेव्हा तेवढंही नव्हतं."

बंकर उभा राहिला आणि ऊन तापलं. भिंतीतली कालवं मेली, सडली. सैनिक बाहेर वाळूत झोपू लागले. मेजरांना सांगणार कोण?

एका दुपारी वारा पडलेला असताना मेजर पाहणीला आत शिरले. एक श्वास घेतला आणि तसेच बाहेर पळाले. शत्रूने विषारी वायू सोडला, म्हणाले, घंटा बडवा. ओले टॉवेल तोंडाला लावून पलटण हल्ला अडवायला किनाऱ्याकडे धावली. सुरुंग त्यांनीच पेरलेले, पण त्या घाईत वाट कोणाला आठवणार? तिघे गेले. शत्रूच्या हल्ल्यात गेले, असं वर कळवलं.

मेजरांचा तो विनोद एव्हाना गावभर झाला होता. "पहारा मात्र चोख दिला कालवांनी," बीहोआ म्हणाली. हसलं कोणीच नाही.

बंकर पाडायचं ठरलं. सिऊखिम पुन्हा मेजरांपुढे उभी राहिली. "आता तरी दगड परत द्या."

मेजरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "ते दिसले की वरचे लोक प्रश्न विचारतील," ते ह्वांगला म्हणाले. "फोडून रस्त्यात घाला."

फोडायलाही बायाच लावल्या. सासऱ्यांनी निवडलेला दगड. चार घावांत फुटायचा नाही. तिने घण घातला. दुसऱ्या कोणीतरी घातलाच असता, आणि मजुरीही त्याच्याच घरी गेली असती.

वाहायची आणि फोडायची, दोन्ही मजुऱ्या तिने खाणवाल्याला दिल्या. त्यात नवे दगड आले, जुन्यांच्या निम्मेसुद्धा नाहीत. गाडीवाल्याने ते वाळूच्या अलीकडेच टाकले आणि गाडी वळवली. त्यांच्यावर कालवं धरायला तीन वर्षं लागणार होती.