त्सुगच्या मार्थाबाईंचं पहिलं मत

एकाहत्तर साली आमच्या शेवगावात कुणी स्वित्झर्लंडला निघालं, तर लोक आधी त्याच्या प्रकृतीची चौकशी करायचे. मी निघाले होते बाळंतपणाला. माझ्या नव्हे, भावजयीच्या. माझा धाकटा भाऊ सुधाकर त्सुग नावाच्या शहरात कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानं तिकीट पाठवलं, आणि मी प्राथमिक शाळेतली बाई, दिवाळीच्या सुट्टीला बिनपगारी रजा जोडून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाले.

शेवगाव ते नगर एसटी, नगर ते पुणे एसटी, पुढे मुंबई आणि मग विमान. झुरिकच्या कस्टमवाल्यानं एक लाडू नाकाशी धरला, शेजारच्याला दाखवला आणि अदबीनं परत डब्यात ठेवला. तिथून त्सुग रेल्वेनं तासाच्या आत. गाडी फलाटाला लागताच मी एसटीच्या सवयीनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत जाऊन पाहते तर डब्यात मी आणि मला न्यायला आलेला सुधाकर, दोघंच.

त्सुग टुमदार आणि पैसेवालं. निळ्या-पांढऱ्या कौलांचा घड्याळाचा मनोरा, जुनी घरं आणि समोर तळं. जाणाऱ्यांनी संध्याकाळी काठावर बसावं, त्याला पैसे पडत नाहीत. तिथला चेरीचा केक जरूर खावा, फक्त त्यात दारू असते हे आधी ठाऊक असावं. मला दुसऱ्या तुकड्यानंतर कळलं. तळं पाहून मात्र माझा जळफळाट झाला. आमच्याकडं विहिरी तळाला गेलेल्या आणि इथं एवढं पाणी नुसतं पडून.

सुधाकरच्या घरमालकीण मार्थाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. वय साठीचं, हात सदा कामात. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. देशाची माहिती मला त्यांनीच दिली. समुद्र नाही, भाषा चार, प्रत्येक प्रांताचे कायदे निराळे, आणि बारीकसारीक गोष्टीवरही लोकांचं मत घेतात. "लोक म्हणजे पुरुष," त्या म्हणाल्या. बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क त्याच वर्षी फेब्रुवारीत मिळाला होता, तोही पुरुषांनी मतदान करून दिलेला. मी दोनदा विचारून खात्री केली. घड्याळं एवढी वेळेवर चालवणारी माणसं या एका कामाला इतका उशीर कसा करतात, मला कळेना.

ऑक्टोबरअखेर पार्लमेंटची निवडणूक होती. जूनमध्ये कसल्याशा प्रश्नावर मतदान झालं, तेव्हा मार्थाबाई घाबरून मतदान केंद्राच्या दारातूनच परत आल्या होत्या. त्यांचे यजमान म्हणाले होते, "बघ, तुला जमत नाही." ते त्यांना फार लागलं होतं. या खेपेला तर यजमानांनी आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी टेबलावर तयारच ठेवली होती. "पुन्हा दारातून परत आले तर मी आरशात तोंड पाहणार नाही," त्या मला म्हणाल्या.

माझ्या अंगात निवडणूक ड्यूटी संचारली. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं, चादरीचा आडोसा केला आणि आठवडाभर त्यांच्या स्वयंपाकघरात मतदान घेतलं. मी मतदान अधिकारी, भावजय पोट सांभाळत पोलीस. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्या देशात बायका पहिल्या निवडणुकीपासून मत देतात. मी तीनदा दिलंय."

रविवारी मार्थाबाई टोपी घालून गेल्या आणि तासाभरानं आल्या. मी आधी त्यांचं बोट पाहिलं. स्वच्छ. माझा चेहराच उतरला. म्हटलं, "जाऊ द्या, पुढच्या खेपेला." त्या गोंधळल्या. मी शाईचं विचारल्यावर त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. तिथं बोटाला शाई लावतच नाहीत. त्यांनी मत दिलं होतं, आणि यजमानांची यादी पर्समध्येच राहिली होती.

मग त्यांनी सहज विचारलं, "तू तिन्ही वेळा कुणाला निवडलंस?"

मी कुठं निवडलं होतं? मामंजी, म्हणजे माझे सासरे, निघताना निशाणी सांगायचे, मी तिथं शिक्का मारायचे. इतरांच्या बोटांना शाई लावणाऱ्या बाईला हे कधी खटकलंही नव्हतं. मला खरोखर लाज वाटली.

भाचीचं बारसं करून मी परतले. मार्चमध्ये आमदारकीची निवडणूक आली. मामंजींनी नेहमीसारखी निशाणी सांगितली, मी नेहमीसारखी मान हलवली, आणि आडोशाला गेल्यावर पहिल्यांदाच सगळी नावं वाचून शिक्का मारला. जेवताना मामंजींनी विचारलं, "मारला ना तिथंच?"

"मामंजी, ते गुपित असतं," मी म्हटलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिकडं जाऊन हे शिकलीस व्हय?" म्हणाले आणि ताक मागितलं.

नंतर चुलीपाशी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्सुग, खोकं, मार्थाबाई. त्यांनी भाकरी उलटली.

"त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? म्या पयल्या खेपेपासनं माझ्या मनानंच देते. त्यास्नी कुठं कळतंय."