आक्कांसाठी वाचलेला शेवट

कुणी अमानवीय अनुभव सांगू लागलं की मला आधी हसू यायचं. निपाणीच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. "गेल्या साली इथंच ठेवलेलं ते लाल पुस्तक द्या" म्हणणारे वाचक रोज भेटतात... अमानवीय ते आणखी काय असणार?

आमच्या पद्माआक्का तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या. शेवट गोड असल्याशिवाय पुस्तक घरी न्यायच्या नाहीत. चष्मा मुद्दाम विसरून यायच्या आणि शेवटचं पान मला वाचायला लावायच्या. नायिका मेली की पुस्तक परत कपाटात.

"आक्का, शेवट कळल्यावर वाचायचं काय मग?" मी चिडवायची.

"शेवट ठाऊक असला की मधलं सोसवतंय गं."

गेल्या उन्हाळ्यात बेळगावला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी त्या आल्या आणि हाताला लागलं ते पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"ह्याचा शेवट वाईट असला तर मी उद्या जात न्हाय. लेकाला सांगूनच आलोय."

बाहेर रणरणतं ऊन, वखारींकडून येणारा तंबाखूचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा... माझे डोळे जड झालेले. भीतभीतच मी वाचू लागले. एक बाई परगावाहून घरी परतते. दार नुसतं लोटलेलं. सून म्हणते, "हातपाय धुवा, ताट वाढलंय." दिवस अजून मावळलेला नाही.

"म्हंजे जेवायच्या येळंला पोचली," आक्का म्हणाल्या. डोळे पुसून पुस्तक घेऊन गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. पुस्तक परत आलं तेव्हा मी चाळलं, तर शेवटची पानंच नाहीत.

"आक्का, पानं कुठं गेली?"

"दवाखान्यात उघडलं तवाच न्हवती."

फाटलेली कड पिवळी पडलेली, तिच्यावर जुनी धूळ. म्हणजे पानं कधीचीच गेलेली. आक्का मात्र निवांत.

"घरी आलो तर दार लोटलेलंच. सून म्हणाली, हातपाय धुवा, ताट वाढलंय. दिस मावळायचा हुता."

मी झोपेत रचलं म्हणाल, तर मला साधं पत्रसुद्धा धड लिहिता येत नाही. शेवटी बेळगावहून दुसरी प्रत मिळवली. त्यात ती बाई घरी पोचतच नाही — वाटेतच जाते.

मग त्या दुपारी मी काय वाचलं?

आक्का अधूनमधून विचारतात, "दुसरी प्रत गावली का गं?"

"गावली की," मी म्हणते. "आपण वाचलं तेच आहे."