वर्गाचा मुराळी

आईने मला आक्काला आणायला पाठवलं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरात दोनच विषय चालत: माझी नोकरी आणि आक्काचं लग्न. दोन्हींचा पत्ता नव्हता. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी घरी बसलो होतो आणि आक्का निपाणीजवळच्या एका वस्तीवर एकटीच्या जिवावर चौथीपर्यंतची शाळा चालवत होती. तिच्या शाळेला खोली नव्हती. चिकोडीच्या शिक्षण कचेरीतले साहेब तिला बजावून गेले होते की संक्रांतीनंतर येईन तेव्हा खोली आणि खोलीत पोरं दिसली नाहीत, तर ही शाळा ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिसळून टाकीन.

आईला ही बातमी साखरेसारखी गोड लागली. "शाळा मोडतीया तर जा, आन घिऊन ये तिला," ती म्हणाली. "संकेश्वरचं स्थळ अजून थांबलंय." लग्नासाठी म्हणून तिने रेशमी काठाचा एक खण आधीच घेऊन ट्रंकेत ठेवला होता. नवऱ्याचा पत्ता नसताना खण घेणारी माझी आई एकटीच असावी.

मी वस्तीवर पोचलो तेव्हा आप्पांच्या खळ्यावर, चिंचेखाली शाळा भरली होती. आप्पा म्हणजे त्या खळ्याचे मालक. सगळी वस्ती त्यांना आप्पाच म्हणायची. निम्म्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं होती. आया दिवस उगवायच्या आत निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जात, मग भावंडं सांभाळायची ती यांनीच. ती लोढणी घेऊन ओढ्यापलीकडं कोण जाणार? शाळा मिसळली की मुलगे जातील, मुली घरी बसतील, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं.

मी आईचा निरोप सांगितला. आक्काने शेवटपर्यंत ऐकून घेतला, मग म्हणाली, "तू सिव्हिल शिकलायस न्हवं? मग एक खोली काढून दे. निरोपाचं नंतर बघू."

"जागा कुठं हाय?"

"तीच तर गोम हाय."

गोम अशी की खळं मिळत होतं, पण सुगीपर्यंतच. शाळूची ज्वारी आली की आप्पांना मळणीला खळं लागणार. सुगीनंतर वस्तीतल्या एका आज्जींची पडीक जमीन मिळत होती, पण पाऊस लागला की तिथं गुडघाभर पाणी. म्हणजे अर्धं वर्ष इथं, अर्धं वर्ष तिथं. उठून चालायला लागेल अशी खोली हवी होती. असलं काही आम्हाला डिप्लोमात शिकवलं नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं की इमारत एकदा उभी राहिली की हलता कामा नये.

मी घरून ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर घेऊन आलो. पहिल्या आराखड्यात लोखंडी अँगल, नटबोल्ट आणि पत्रा होता. आक्काने विचारलं, "पैसे संकेश्वरवाले देनार व्हय?" दुसऱ्या आराखड्यात मी खोलीला चाकं लावली. त्यावर मी फार खूष होतो. आक्का म्हणाली, "चाकं लावलीस तर पोरं पयल्याच दिवशी वर्ग ढकलत निपाणीच्या बाजाराला न्हेतील." मी वळून पाहिलं. पोरं माझ्या खांद्यावरून कागद बघत होती आणि त्यांची नजर चाकांवरच होती.

तेव्हा मी बोर्ड बाजूला ठेवून वस्तीत हिंडलो. बांधावर बांबू होता. उसाचं पाचट वाटेल तेवढं पडलं होतं. कुंपणाच्या केकताडापासून, म्हणजे घायपातापासून, लोक वाख काढून दोर वळत. आणि आमच्या भागात खोपीचं छप्पर हलवायचं झालं तर ते मोडत नाहीत. सगळे मिळून चारी बाजूंनी खांद्यावर घेतात आणि चालू लागतात. बस्स, ठरलं. छप्पर पाचटाचं, हलकं, एकसंध. भिंती म्हणजे बांबूच्या चौकटीत बसवलेले तट्टे, सोडून गाडीत घालता येतील असे. कुठंही खिळा नाही, सगळं दोरानं बांधलेलं. गाठ अशी हवी होती की ओढली की सुटावी, पण पोरानं ओढली तर सुटू नये. ही दुसरी अट मला शेवटपर्यंत जमली नाही. पाचट कुजलं तर शेतात खत म्हणून टाकायचं आणि नवं घालायचं. आज शहरात असल्या बांधकामाला पर्यावरणपूरक म्हणतात आणि त्यावर चहा-बिस्किटांसकट परिसंवाद भरवतात. वस्तीवर त्याला फुकटचं म्हणत.

खोली उभी राहिली. मी तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की आक्का म्हणाली, "आता पुरं कर, नजर लागंल." मग मी नोकरीच्या मुलाखतीसाठी बेळगावला गेलो, नोकरी न मिळवता संक्रांतीनंतर परत आलो, आणि पाहतो तो खोलीला आंब्याच्या पानांचं तोरण! वस्तीने माझ्या पाठीमागं वर्गाची घरभरणी उरकली होती. पुरणपोळ्या झाल्या होत्या. आज्जींनी कोपऱ्यात तांब्याची वास्तू, म्हणजे वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा, पुरली होती.

मला भरून आलं. मूर्खच होतो.

चार-सहा दिवसांनी शाळू कापून झाला. मी आप्पांना म्हणालो, "उद्या खोली उचलू या."

"छे छे! वास्तू बसलीया. बसल्याली वास्तू हलवायची नसती."

"मग तुमची मळणी?"

"ती तर कराय पायजे."

"कुठं करणार?"

"खळ्यावर."

"खळ्यावर खोली आहे."

"व्हय की," आप्पा म्हणाले आणि शांतपणे बिडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खोलीत आढ्यापर्यंत शाळूची कणसं रचलेली आणि पोरं पुन्हा चिंचेखाली. "मोकळी जागा दिसली म्हून ठिवली," आप्पा म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खी खोली हलण्यासाठी बांधली होती आणि आता ती सोडून बाकी सगळं हलत होतं! साहेब कुठल्याही दिवशी टपकणार होते. त्यांना खोली दिसली असती, खोलीत शाळू दिसला असता. मी आक्काला म्हणालो, "झालं. आता पेटी भर. आई वाट बघतीया."

तिने हातातला खडू खाली ठेवला. मग ती तडक आज्जींच्या दारात गेली. मी मागोमाग.

"आज्जी, लेकीचं घर बसलं म्हून ती म्हायेराला यायची थांबती व्हय?"

"थांबंल कशी गं?" आज्जी मिसरी लावत म्हणाल्या.

"मग आपली खोली खळ्यावर नांदती. सुगीला तिला तुमच्या पडीत म्हायेराला आनू. पाऊस लागला की पुन्यांदा सासरी."

आज्जींनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि विचार केला. त्यांच्या पडीला माहेरपण येत होतं, हे त्यांना आवडलेलं दिसलं. "पर रिकाम्या वटीनं न्हाई जायची," त्या म्हणाल्या. "आन मुराळी कोन?"

मुराळी म्हणजे बहिणीला सासरहून माहेरी न्यायला येणारा भाऊ. दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्याला फेटा बांधण्यात आला. आप्पांनी निमूटपणे कणसं बाहेर काढली. आज्जींनी वास्तू उकरून पदराच्या गाठीला बांधली, मेढीला, म्हणजे छपराच्या खांबाला, हळदकुंकू लावलं, आणि तांदूळ, नारळ, खण असं सगळं फडक्यात घालून मेढीलाच ओटी बांधली. आप्पांचं तोंड खऱ्या सासऱ्यासारखं उतरलं होतं. "लवकर धाडा रं," ते मला म्हणाले.

तट्टे गाडीत चढले. बाप्यांनी छप्पर खांद्यावर घेतलं. ऊन तापायला लागलं होतं, म्हणून आक्काने सगळी पोरं छपराखाली घेतली आणि वेळ वाया जायला नको म्हणून तेराचा पाढा सुरू केला. पुढं हलगी, मागं पाढा, मध्ये चालणारं छप्पर, आणि सगळ्यांच्या पुढं फेटा सावरत मी. नेमके तेव्हाच समोरून सायकलवर साहेब आले.

ते उतरले. "एन इदु?" त्यांनी कानडीत विचारलं, हे काय आहे, म्हणून. हलगी थांबली.

आक्का छपराखालून म्हणाली, "खोली, साहेब. आन खोलीत पोरं."

साहेबांनी वाकून छपराखाली पाहिलं. मग उन्हाने कासावीस होऊन सायकल हातात धरून तेही छपराखाली आले आणि आमच्याबरोबर चालू लागले. वाटेत त्यांनी कडेवर भाऊ घेतलेल्या एका मुलीला तेर साता विचारलं. तिने भावाचं नाक पुसता पुसता एक्क्याण्णव सांगितलं. पडीत पोचल्यावर साहेबांनी हौसेनं एका तट्ट्याची गाठ स्वतः बांधली. ती लगेच सुटली. शाळा मात्र मिसळली नाही. आक्का सगळ्यांना गूळ वाटत होती आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की फेट्याच्या टोकानं डोळे पुसावे लागले.

खासबागेत परतलो तेव्हा आईने दारातूनच माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"आणाय म्हून गेलतास, आन मोकळाच आलास?"

मी बसून सगळं सांगितलं. खळं, घरभरणी, कणसं, ओटी, साहेब. मला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर चिडेल. तिने एवढंच विचारलं, "वटीत खण कसला व्हता?"

"आज्जींचाच. जुना, विटका."

आई उठली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती तो रेशमी काठाचा खण घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "पाऊस लागायच्या आधी जा. सासरी जाताना लेकीच्या वटीत चांगला खण असावा."

"आणि संकेश्वरवाल्यांना काय कळवू?"

आई माझ्याकडं पाठ करून ट्रंकेची कडी लावत होती.

"कळव की," ती म्हणाली, "आमची लेक नांदतीया."