पुसून लावलेली ट्यूब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दिवाळीनंतरचा शनिवार, रक्कम अठ्ठावीसशे रुपये, हजर दोघंच: मी, आणि काचेच्या पेटीतला एक सरडा.

सरडा म्हणजे कुंपणावरचा नव्हे. परदेशी जातीचा, दाढीवाला, हातभर लांब. माझ्या मुलीनं, मानसीनं, रीतसर सरकारी नोंद करून पाळलेला. दगडावर छाती काढून असा बसायचा की तिनं त्याचं नावच ठेवलं चेअरमन. आमच्या लालबागच्या सोसायटीचे चेअरमनही अस्सेच बसतात, असं बायकोचं म्हणणं.

पेटी मानसीनं मांडलेली. एका टोकाला उष्णतेचा दिवा, त्याखाली तापणारा दगड. दुसरं टोक थंड, म्हणजे पुरे झालं की त्यानं तिकडे सरकावं. आणि वर आडवी एक लांब ट्यूब, अतिनील किरणांची. ते किरण नसले तर खाल्लेलं कॅल्शियम त्याच्या अंगी लागत नाही, हाडं होत नाहीत. इथवर मला कळलं. पण ही ट्यूब वर्षानं बदलायची — चालू असताना?

"अगं, लागतेय की लख्ख!"

"पप्पा, दिसतं ते राहतं. जे दिसत नाही ना, ते संपतं."

मी हिशेबखात्यातला माणूस. दिवा घेताना वॅट बघायचे, किंमत बघायची. जे दिसतच नाही ते संपलं म्हणून अठ्ठावीसशे — तुम्ही दिले असते?

तिची परीक्षा जवळ आलेली. शिकवण्यांच्या कमाईतले पैसे तिनं माझ्या हातात ठेवले. मी दुकानापर्यंत गेलो, हे खरं. नवी ट्यूब हातात घेऊन उलटसुलट पाहिली, हेही खरं. मग ती परत ठेवली, घरी आलो, जुनी काढली, फडक्यानं पुसली आणि तीच पुन्हा लावली. "बदलली गं," म्हणालो. नाहीतरी आमच्या खिडकीतून दुपारभर ऊन येतं, तेही फुकट. पैसे मी खाल्ले नाहीत. तिच्याच नावानं बँकेत ठेव केली. बघा — किती नीटनेटकं खोटं.

होळीच्या सुमारास चेअरमन दगडावर चढेना. पाय थरथरायचे. जबड्याला बोट लावलं, तर तो रबरासारखा दबला.

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. हाडं होती — पण कशी? शिवडीच्या खाडीवर धुक्यात बोटींच्या डोलकाठ्या दिसतात, तशी. असतील किंवा नसतीलही.

"ट्यूब कधी बदलली?"

"चारच महिने झालेत, मॅडम. पप्पांनी स्वतः बदललीय."

तिच्या आवाजात अभिमान होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होय म्हणून.

"मग पावडर चुकली असणार."

कॅल्शियमची पावडर परीक्षेत दोन-तीनदा राहिली होती. एवढ्यानं काही होत नसतं — पण मानसीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझ्यामुळे." मी शेजारच्या खुर्चीवर होतो. हात लागेल एवढा जवळ. बाई पुढे सांगत होत्या की खिडकीतलं ऊन कामाचं नाही, काच ते किरण अडवते. या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून मी दर रविवारी ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून घेतो. आधी चाळीत होतो, उघड्या गॅलरीत, तेव्हा ती कधी लागली नव्हती. मी हे कधी जोडून का पाहिलं नाही?

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी नवी ट्यूब आणून लावली. बटण दाबलं. मला काही फरक दिसला नाही. तोच पांढरा उजेड.

त्याला दिसला.

त्यानं डोकं वर केलं. एक डोळा ट्यूबकडे वळवला. अंग चपटं पसरलं, पाठीचा रंग गडद केला, आणि तसाच राहिला — हलला म्हणून नाही. बाई नंतर म्हणाल्या, आपल्याला न दिसणाऱ्या उजेडातलं काही या जातीला दिसतं. म्हणजे सगळा हिवाळा त्याला वरचा उजेड विझलेला दिसत होता, आणि मी त्या लख्ख पेटीसमोर बसून पेपर वाचत होतो. त्या दिवशी पेपर उघडलाच नाही. वरून काहीतरी येत होतं — रंग नाही, आवाज नाही — त्याच्या कातडीत शिरत होतं, आणि आत कुठेतरी त्याचं हाड होत होतं. माझी हाडंही तशीच झाली असतील, चाळीच्या गॅलरीत, कुणी न मोजता. मी स्टुलावर हात जोडून बसलो होतो, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

गणपतीपर्यंत जबडा घट्ट झाला. डावा पाय वाकडाच राहिला. मानसी प्राण्यांवरच पुढे शिकणार होती. तिनं बँकेतल्या नोकरीचा अर्ज भरला. "एक सरडा नाही सांभाळता आला, पप्पा, हत्ती काय सांभाळणार?" म्हणाली आणि हसली. माझ्या हातात चहा होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो.

दुकानदाराला अठ्ठावीसशे मी माझ्या खिशातून दिले, रोख. ठेव यंदा दिवाळीनंतर पिकली. व्याज धरून एकोणतीसशे चौऱ्याऐंशी रुपये मानसीच्या खात्यात जमा झाले.

"हे कसले, पप्पा?"

"तुझेच आहेत."

"थँक्यू हां," ती म्हणाली.