टायगर फिशसाठी कालवलेला मसाला

कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला की वासासरशी मी पलूसच्या स्वयंपाकघरातून थेट आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर जाते.

आमचे हे फौजेतून रिटायर झाले आणि हौसेनं मासेमारीच्या ग्रुप टूरला मलाही घेऊन गेले. दिवसभर उन्हात आमिष म्हणून पिसांची खोटी माशी फेकून फेकून यांच्या गळाला एकदाचा टायगर फिश लागला. अंगावर काळे पट्टे, दात कुत्र्यासारखे. मी लगेच होडीतच घरून नेलेला मसाला तेलात कालवायला घेतला. तेवढ्यात गाईडनं गळ काढला, फोटो घेतला आणि मासा अलगद पाण्यात सोडून दिला!

"आरं, सोडलास का रं त्येला?" हे मराठीतच ओरडले. नियमच तसा आहे, असं म्हणून गाईड हसला. परतीच्या विमानातही यांचं तोंड फुगलेलंच होतं.

आता हे कृष्णेवर गळ टाकून बसतात. परवा रिकाम्या हातानं आले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"बघ, केवढा कटला! फोटू काढला आन् दिला सोडून. लय बरं वाटलं."

"आवं, मी मसाला कालवून बसलीया!"

मग ताटात भाकरी वाढली, शेजारी यांचा मोबाईल ठेवला आणि म्हटलं, "घ्या, फोटूसंगं खावा."