फुल्या टाकणारा दादा

बायांच्या तक्रारी जिथं येतात त्या संस्थेच्या हापिसात बसून फुलीदादा एकीची बी तक्रार वाचायचा न्हाई. मी तिथं झाडलोट करते, पोरगी कडेवर, आन् मला वाटायचं, काय दगडाचा माणूस हाय हा.

नवऱ्याच्या भ्यानं मी धावड्याहून जालन्याला पळून आल्ते. संस्थेच्या साइटवर माझं नाव, खोलीचा पत्ता, सगळं भरून दिल्तं. साइटवर काय झालं, कुठं बिघडलं, ते कम्प्युटर आपणहून लिहीत बसतो, त्याला लॉग म्हणतात. त्यात काय लिहू द्यायचं ते ठरवायचं काम दादाचं. नाव आलं की फुल्या, नंबर आला की फुल्या, पत्ता आला की फुल्या, असं त्यानं बसवून ठिवल्तं. मी विचारलं तर म्हणला, "ताई, नळ कुठं फुटला तेवढं कळलं की बास. घरात कोण रडतंय ते प्लंबरला कशाला?"

साहेब चिडायचे, सगळं लिहिलं तर बिघाड जल्दी सापडंल म्हणायचे. दादा म्हणायचा, उशीर लागू द्या, मी बसतो. आन् बसायचा, डबा तसाच झाकलेला. एकदा मी बिनसाखरेचा चहा दिला, तर साखरेवर बी फुली मारली का म्हणून मलाच टोमणा.

एक दिवस मी पोरीला डोस द्यायला गेल्ते, आन् मशीन दुरुस्तीला म्हणून नवऱ्याचाच आतेभाऊ आल्ता, लॉगची फाईल घेऊन गेला. कळलं कसं, तर नवऱ्यानं आष्टीला माझ्या आईला फोन करून शिव्या दिल्या, फाईलीत नुसत्या फुल्या हायेत म्हणून. आईकडून ते ऐकून मी दादाच्या टेबलाजवळ खालीच बसले. त्यानं पोरीला उचलून घेतलं.

दिवाळीनंतर एमआयडीसीच्या रस्त्याला टेम्पोनं दादाच्या गाडीला उडवलं. मी रोजच्यासारखा चहा ठिवला, तर साहेब म्हणले, एक कप कमी कर.

आता दादाच्या जागी नव्या मॅडम आल्यात. साइट सारखी बंद पडायली म्हणून त्यांनी लॉगमधी सगळं लिहायचं चालू केलं. त्याच आठवड्यात मी खोली बदलून नवा पत्ता भरल्ता. फरशी पुसताना वर बघितलं तर पडद्यावर माझं नाव, त्याच्या खाली पत्ता. तेवढं वाचता येतं मला. काम जाईल असं भ्या वाटलं, तरी बोलले, हे लिहू नका म्हणून. मॅडम म्हणल्या, दोनच दिवसांसाठी हाय.

"मॅडम, माझ्या नवऱ्याला यायला दोन दिवस न्हाई लागत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मंग पोरीकडं. लिहिलेलं सगळं पुसलं. मंग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "दादा सुरुवात कुठून करायचे?"

मला काय येतंय त्यातलं. तरी म्हणले, "नावापासून," आन् तिथंच उभी राह्यले, मॅडम बराबर झालं म्हणेपर्यंत.